पीएस५ आत्ताच घ्यावं की थांबावं? (निपाणी, गेम पार्लरसाठी)

निपाणी_नाका

नमस्कार मंडळी. निपाणीत माझं छोटं गेम पार्लर आहे. दोन पीएस४ (सोनीचं प्लेस्टेशन, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) आणि एक म्हातारं पीएस३, ते आता फक्त कुस्तीच्या गेमपुरतं. तासाला पन्नास रुपये. कॉलेजची पोरं असतात, रविवारी चिकोडी-संकेश्वरकडूनही येतात. हल्ली सगळ्यांचं एकच टुमणं: अण्णा, पीएस५ कधी?

प्रश्न गेमचा नाही, पैशाचा आहे. आजवर माझा नियम साधा होता. मशीन बाजारात आल्या आल्या घ्यायचं नाही. पीएस४ भारतात जानेवारी २०१४ मध्ये ३९,९९० ला आलं, मी स्लिम मॉडेल निघेपर्यंत थांबलो आणि तीस हजारांच्या आत काम झालं. पीएस२ च्या वेळी तर दर थोड्या वर्षांनी भाव उतरायचा. पीएस५ फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला आलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये उतरायच्या ऐवजी चढून ५४,९९० झालं. सणासुदीला काही हजारांची सूट मिळते तेवढीच, ती संपली की पुन्हा जागेवर. कोल्हापूरचा माझा दुकानदार म्हणतो, अजून वाढेल, आत्ता उचला. तो म्हणणारच, त्याला माल खपवायचा आहे.

मशीन जुनं होतंय आणि महाग होतंय, हे कुठल्या हिशेबात बसतं ते कुणीतरी समजावून सांगा. २६ जानेवारीच्या सेलपर्यंत थांबावं की पुढच्या दिवाळीपर्यंत? डिस्क नसलेलं डिजिटल मॉडेल आलं तेव्हा दहा हजारांनी स्वस्त होतं, ते चालेल का? आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचं काय?


कुंदा_स्पेशल

किती वर्सं वाट बघूलालास बे? पीएस६ येईल तवर पोरांची लग्नं होतील. घेऊन टाक की.


उद्यमबाग_कॉस्टिंग

धागाकर्ते, तुमचा दुकानदार या खेपेला खरं बोलतोय. का ते सांगतो, थोडं लांबेल.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कॉस्टिंग बघतो. दिवसभर मालाचा भाव, मशीनचा तास, रिजेक्शन, वाहतूक, आणि एवढं सगळं मांडून झाल्यावर पार्टी फोन करून दोन रुपये तोडते ते. गेम खेळणं कॉलेजातच सुटलं, पण कन्सोलचा, म्हणजे या गेमच्या मशीनचा, भाव कसा ठरतो हे वाचायचा नाद सुटला नाही. कारण आमच्या धंद्याच्या हिशेबाने बघितलं तर तो भाव वेड्यासारखा वाटतो.

आम्ही खालून वर जातो. माल, मजुरी, ओव्हरहेड, त्यावर नफा, झाला भाव. कन्सोलवाले वरून खाली येतात. अमेरिकेतला बाप कुरकुर करत का होईना पण खिशात हात घालेल असा आकडा आधी धरायचा, मग त्यात काय काय बसतं ते बघायचं. नाही बसलं तर मशीनवर तोटा सोसायचा आणि गेमवर वसूल करायचा. दुसऱ्या कंपनीने केलेला गेम यांच्या ऑनलाइन दुकानातून विकला गेला की साधारण ३० टक्के यांचे. कंट्रोलर, मासिक वर्गणी हे वेगळंच.

या आकड्याची ताकद किती, त्याचा किस्सा मला फार आवडतो. मे १९९५, लॉस एंजेलिस, ई३ या गेमवाल्यांच्या प्रदर्शनाचं पहिलं वर्ष. सेगा कंपनीने आपलं सॅटर्न हे मशीन ३९९ डॉलरला जाहीर केलं. मग सोनीचे स्टीव्ह रेस भाषणाला उठले, माइकसमोर पहिल्या प्लेस्टेशनचा भाव, 'दोनशे नव्व्याण्णव' एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. संपलं भाषण! अमेरिकेत सॅटर्नला त्यातून पुन्हा वर येता आलं नाही.

आणि हीच सोनी ११ वर्षांनी विसरली. पीएस३ चं मोठं मॉडेल २००६ मध्ये ५९९ डॉलरला काढलं. समोर निन्टेन्डो कंपनीचं 'वी' नावाचं मशीन २४९ ला होतं. बरं, ५९९ घेऊन तरी सुटले का? आयसप्लाय नावाच्या संस्थेने मशीन उघडून एकेका भागाचा हिशेब मांडला, तो ८४० डॉलरच्या आसपास गेला. त्या वर्षी सोनीच्या गेम विभागाचा तोटा २३,२०० कोटी येनच्या वर होता. आमच्याकडे असं कोटेशन कुणी काढलं असतं तर दुसऱ्या दिवशी तो कामाला नसता.

पण त्यांनी ते धाडस केलं ते पीएस२ च्या भरवशावर. इथेच तुमच्या 'थांबा आणि घ्या' या नियमाचं मूळ आहे. पीएस२ अमेरिकेत २००० मध्ये २९९ डॉलरला आलं. २००२ मध्ये १९९, २००४ मध्ये १४९, २००६ मध्ये १२९ आणि २००९ मध्ये ९९. हे कंपनीने मन मोठं केलं म्हणून झालं नाही. आत दोन मोठ्या चिप होत्या. त्या आधी बारीक केल्या, मग दोन्ही मिळून एकच केली. चिप लहान झाली की एका वेफरवर (ज्या चकतीतून चिप कापतात ती) जास्त बसतात. वीज कमी लागते, म्हणून उष्णता कमी, म्हणून पंखा लहान, पॉवर सप्लाय लहान, डबा पातळ. डबा पातळ झाला की एका कंटेनरमध्ये जास्त नग. एका बदलाने पाच ठिकाणी पैसा वाचतो. असं कुठे वाचलं की माझ्यासारख्याला त्या दिवशी जेवण जास्त जातं.

पीएस५ ला हा उतार मिळालाच नाही. पहिली चिप ७ नॅनोमीटरची होती, २०२२ मध्ये ६ नॅनोमीटरवर नेली. मशीन हलकं झालं, पण पैसे पूर्वीसारखे वाचले नाहीत, कारण नव्या पद्धतीचं वेफरच एवढं महाग झालंय की चिप लहान करून मिळालेलं तिथेच जातं. त्यात १६ जीबी मेमरी. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी जगातली मेमरी उचलायला सुरुवात केली आणि तिचे भाव भडकले. अमेरिकेत वर आयातशुल्क. ऑगस्ट २०२५ मध्ये सोनीने तिथे ४९९ चं मशीन ५४९ केलं. मायक्रोसॉफ्टने तर एक्सबॉक्स सिरीज एक्स एकाच वर्षात ४९९ वरून ५९९ आणि मग ६४९ ला नेलं. पाच वर्षं जुना माल पहिल्या दिवसापेक्षा महाग!

आता आपल्याकडचं बघा. २०२१ च्या सुरुवातीला डॉलर ७३ रुपयांच्या आसपास होता. तेव्हाचे ४९,९९० म्हणजे ६८५ डॉलर. २०२५ च्या शेवटी डॉलर नव्वदीला टेकला, म्हणजे ५४,९९० चे झाले ६११. यात १८ टक्के जीएसटी दोन्हीकडे धरलेला आहे. म्हणजे डॉलरमध्ये मोजलं तर भारतातला भाव उतरलेलाच आहे. फक्त तो उतार आपल्या रुपयाने खाल्ला. म्हणून पुढच्या दिवाळीपर्यंत थांबायला मी सांगणार नाही. सेल दोन-चार आठवड्यांवर असेल तर तेवढं थांबा, बस्स.

डिजिटलचं नंतर लिहितो, जेवायला बोलावणं आलंय.


हिंडलगा_ते_हेब्बाळ

चांगला प्रतिसाद, पण एक सुधारणा. 'मशीन तोट्यात विकतात' ही गोष्ट आता सगळ्यांना सरसकट लागू नाही. सोनीने ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलं होतं की डिस्कवालं पीएस५ आता तोट्यात जात नाही. निन्टेन्डोची तर रीतच मशीनवरही कमवायची. अपवाद झाले, पण मोजकेच. २०११ मध्ये थ्रीडीएस हे हातात धरून खेळायचं मशीन २४९ डॉलरला काढलं, चाललं नाही, पाच महिन्यांत १६९ वर आणावं लागलं आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला.

मशीनवर कधीच फायदा झाला नाही असं उघड बोलणारी एकच, मायक्रोसॉफ्ट. मे २०२१ मध्ये एपिक ही गेम कंपनी विरुद्ध ॲपल या खटल्यात त्यांच्या अधिकारी लोरी राइट यांनी तशी साक्षच दिली.

त्यामुळे एक्सबॉक्सबद्दल माझं मत: पार्लरसाठी नको. कंपनीचं लक्ष मशीनवरून उडालंय. त्यांचेच गेम आता प्लेस्टेशनवर आणि पीसीवर मिळतात. त्यांची मदार वर्गणीवर आहे, आणि तिचा सगळ्यात वरचा प्रकार ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत महिना २० डॉलरवरून ३० केला. घरी एकटा खेळणाऱ्याला ते परवडेलही, पण निपाणीत उद्या मशीन विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक शोधत बसाल.


सेकंड_गेट_टिळकवाडी

थोडं अवांतर विचारते, चालेल ना? माझ्या लेकीला निन्टेन्डोचं स्विच २ हवंय. खडे बाजारात एका दुकानात चौकशी केली तर म्हणाले, मागवून देऊ, पण बिल मागू नका, वॉरंटी आमच्या तोंडची. माझा भाऊ ओसाकात नोकरीला आहे. तिथे ५० हजार येनला मिळतं म्हणतो, म्हणजे आपले तीस हजारही नाहीत. गणपतीला येणार आहे, त्यालाच आणायला सांगू का? आणि निन्टेन्डो भारतात स्वतः का विकत नाही?


उद्यमबाग_कॉस्टिंग

ताई, भावाला आधी थांबवा. हे वाचा मग फोन करा.

जपानमध्ये २०२५ मध्ये स्विच २ दोन प्रकारचं आलं. एक ४९,९८० येनचं आणि दुसरं ६९,९८० चं. आतलं मशीन तेच. स्वस्त आहे ते फक्त जपानी भाषेत चालतं, आणि जपानमध्ये नोंदवलेलं खातं असेल तरच त्यावर लॉगिन होतं. तुमची लेक जपानी शिकत असेल तर गोष्ट वेगळी.

असं का केलं ते आपल्या भागातल्या माणसाला पटकन कळेल. सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे, आपल्या कर्नाटकातल्या पंपांवर कागल-कोल्हापूरच्या गाड्या उभ्या असतात ना? दोन राज्यांचा कर वेगळा, म्हणून पेट्रोलचा भाव वेगळा, म्हणून माणूस नाका ओलांडून टाकी फुल्ल करून परत जातो. येन पडल्यावर निन्टेन्डोपुढे हेच संकट होतं. जपानी माणसाचा पगार येनमध्ये, त्याला ७० हजार जड जातात. त्याच्यासाठी भाव पाडावा तर सगळ्या जगाचे व्यापारी टोकियोत येऊन दुकानं रिकामी करणार. सरकारला नाक्यावर टाक्या तपासता येत नाहीत, पण मशीन बनवणाऱ्याला आतच कुलूप घालता येतं. पंपावर कानडी येतं का मराठी असं कुणी विचारत नाही, हे मशीन मात्र विचारतं. नंतर सोनीनेही तेच केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये जपानपुरतं, जपानी भाषेतलं डिजिटल पीएस५ ५५,००० येनला काढलं.

म्हणजे भावाने आणायचंच तर ६९,९८० वालं, सगळ्या भाषांचं. अमेरिकेत तेच २०२५ मध्ये ४४९ डॉलरला आलं, त्यामुळे ओसाकाचा फारसा फायदा उरत नाही. वॉरंटी इथे मिळणार नाही हे दोन्हीकडे सारखंच.

निन्टेन्डो इथे स्वतः का विकत नाही, याचं माझं उत्तर असं, पटलं तर घ्या. ज्या कंपनीला मशीनवरच कमवायचं असतं ती भाव पाडून बाजार तयार करत बसत नाही. आणि आपण त्यांना काय दाखवलंय? माझ्या पिढीच्या घरात टर्मिनेटर नाहीतर लिटल मास्टर होता, दोन्ही निन्टेन्डोच्याच मशीनच्या नकला. '९९९९९ इन वन'ची कॅसेट फुंकर मारून घालायची. त्यातला एक रुपयाही जपानला गेला नाही. पुढे पीएस२ ला मॉडचिप (चोरीच्या डिस्क चालवणारी चिप) बसवायची, आणि तसल्या डिस्क रस्त्यावर मिळायच्या. मशीनवर सोसून गेमवर वसूल करायची युक्ती चालते कुठे, तर लोक गेम विकत घेतात तिथे. जिथे घेत नाहीत तिथे कंपनी मशीनचाच पुरा भाव लावणार, आणि त्यात तिची काही चूक आहे असं मला वाटत नाही.


सेकंड_गेट_टिळकवाडी

बाई गं! बरं झालं विचारलं. धन्यवाद दादा. भाऊ तर 'ताई, एकदम स्वस्त' म्हणून उड्या मारत होता.


उद्यमबाग_कॉस्टिंग

आता डिजिटल मॉडेल. धागाकर्ते, हे तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं.

दोन्ही मशीनमध्ये मुख्य फरक डिस्क ड्राइव्हचा. तो ड्राइव्ह सोनी अमेरिकेत सुटा ८० डॉलरला विकते. हा दुकानातला भाव आहे, त्यात त्यांचा आणि दुकानदाराचा नफा आला. कंपनीला तो किती कमी पडत असेल बघा. मग इथे काढलं तेव्हा सरळ दहा हजार रुपये स्वस्त का दिलं? कारण डिजिटलवाला माणूस कायमचा त्यांच्याच दुकानात बांधला जातो. प्रत्येक गेम तिथूनच, प्रत्येक गेमवर त्यांचा वाटा, आणि जुनी डिस्क अर्ध्या भावात घेणं, विकणं, मित्राकडून आणणं सगळं बंद. ते दहा हजार सूट नव्हे, तुमच्या जुन्या बाजारावर पाणी सोडायची किंमत आहे.

घरातल्या माणसाला एखादे वेळी ती परवडेल. पार्लरवाल्याला अजिबात नाही. पीएस५ चा मोठा नवा गेम ४,९९९ ला असतो. अर्ध्या भावाच्या जुन्या डिस्क फिरवत राहिलात तर चार-पाच गेममध्येच ते दहा हजार भरून निघतात. वर तुमची डिस्क शेवटी विकताही येते.

खरं सांगायचं तर कंपनीच्या दृष्टीने तुम्ही नकोसं गिऱ्हाईक आहात, राग मानू नका. एक डिस्क घेऊन त्यावर अख्खं कॉलेज खेळवता. तुमच्याकडून त्यांना पैसा मिळतो तो कंट्रोलरचा. पोरं गोल हुकला की आपटतात आणि नवा सहा हजारांच्या घरात जातो. बजेट करताना एका मशीनला दोन जादा कंट्रोलर धराच.

थांबण्याचा हिशेब पण मांडून देतो. समजा थांबून पाच हजार वाचले. पीएस५ ला तुम्ही तासाला ८० तरी लावाल. पाच हजार म्हणजे साधारण ६२ तास. कॉलेज सुटल्यावर रोज चार तास भरले तर सोळा दिवस. मशीन सोळा दिवस आधी आलं तर तुमची सूट तिथेच वसूल. यात वीज आणि भाडं धरलेलं नाही, पण ते पीएस४ ला पण लागतंच की.


हिंडलगा_ते_हेब्बाळ

+१ डिस्कला. अजून एक. घरगुती मशीनच्या अटींमध्ये वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापर असं लिहिलेलं असतं. गल्लीतल्या पार्लरवर कुणी धाड घालत नाही हे मलाही माहीत आहे, तरी फलकावर कंपनीचं चिन्ह मोठं छापू नका.

आणि पीएस५ प्रोच्या, म्हणजे त्याच्या जास्त ताकदीच्या मॉडेलच्या, मागे लागू नका. २०२४ मध्ये ते बाहेर आलं तेव्हा भारतात अधिकृत आलंच नाही, ६ गिगाहर्ट्झच्या वायफाय परवानगीचं कारण देऊन सोनीने आपल्याला यादीतून बाहेर ठेवलं. चोरवाटेने आणून देतो म्हणणारे भेटतील. पार्लरच्या टीव्हीवर पोरांना फरक दिसणार नाही.


कुंदा_स्पेशल

मी एका ओळीत सांगितलं तेच तुम्ही पानभर सांगूलालाय. मान्य करा.


उद्यमबाग_कॉस्टिंग

मान्य. पण तुमच्या ओळीत डिस्क नव्हती.


निपाणी_नाका

सगळ्यांचे आभार. सोळा दिवसांचा हिशेब बायकोला दाखवला, ती म्हणाली, एवढे दिवस हे कुणी का नाही सांगितलं. ठरलं, एक डिस्कवालं, २६ जानेवारीच्या सेलला. दुसरं उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, तेव्हाचा भाव बघून. तासाला ८० लावायचं जरा धाडस वाटतंय, पोरं सत्तरवर आणतील. सत्तर धरले तरी अठरा दिवस, चालतंय.

एक पीएस४ काढून टाकणार आहे. चालू कंडिशन, दोन कंट्रोलर, पाच डिस्क सोबत. चंदगड, गडहिंग्लज, हुक्केरी कुठूनही कुणाला पाहिजे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.


संपादक

खरेदी-विक्रीच्या जाहिराती कृपया 'छोट्या जाहिराती' विभागात टाकाव्यात. वरील प्रतिसादातला शेवटचा परिच्छेद उद्या काढण्यात येईल.


कुंदा_स्पेशल

संपादक, काढायच्या आधी सांगा, मी त्याला व्यनि केलाय. डिस्कमध्ये कुस्ती आहे का तेवढं कळलं की झालं.